तीस अंशांचं पाणी

भारती, तुला जाऊन पंधरा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर लक्ष ठेवून आहे.

हसू नकोस. माझा स्वभाव तुला माहीत आहे. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्याच्या जोडीने परीक्षांच्या वर्गात पहारा दिला. कुणाच्या बाहीत चिठ्ठी आहे हे मला नुसत्या चालण्यावरून कळायचं. शाळा सुटली तरी तो डोळा काही सुटला नाही. आता भेटायला माणसं येतात, तुझ्या फोटोसमोर डोळे पुसतात, चहा घेतात आणि निघताना मधूला हळूच विचारतात, "मागच्या बावखलाचं काय करणार?" वाडीतल्या आपल्या त्या तळ्यावर कुणाकुणाची नजर आहे याची यादीच माझ्या डोक्यात तयार झाली आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं कारणही मला पुरतं पटलेलं नाही. पण मला कुठल्याच डॉक्टरचं पटत नाही, तेव्हा ते सोड.

"फार गोड स्वभावाची होती हो," असं सगळ्या म्हणतात. तू गोड नव्हतीस. तू गप्प होतीस. या दोन्हींत फरक आहे आणि तो मला ठाऊक आहे, कारण गप्प माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. माझ्या धाकट्या भावाने, मधूने, कामणहून बायको करून आणली, ती भातशेतीवाल्यांची, आम्ही होळी गावचे वाडीवाले, केळी-भाजी-सोनचाफ्याचे. तू आलीस आणि वर्षभरात आमच्या घरची बोली उचललीस, आमच्या पद्धतीचा स्वयंपाक उचललास, कशालाच नाही म्हणाली नाहीस. मला तेव्हाच वाटलं, हिच्या मनात काहीतरी वेगळं आहे.

तेराव्याच्या दिवशी जेवणं उरकली आणि मावशीने तो विनोद केला. करणारच होती. "भारतीच्या हातचं सगळं उत्तम. मासे तेवढे तिने जिवंतपणीच उकडले." सगळे हसले. मधूसुद्धा थोडासा हसला. सुतकाच्या दिवसांनंतरचं पहिलं हसू, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. मी पानातला भात कालवत राहिले. पाच वर्षं हा विनोद आपल्या घरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात झाला आहे. तू दर वेळी पदराने तोंड पुसून आत निघून जायचीस. आणि हा विनोद पहिल्यांदा कुणी केला हे मावशी विसरली असेल, मी विसरलेली नाही. तो मी केला होता.

म्हणून हे लिहिते आहे. माझ्याकडून सरळ कबुली घ्यायची तुला कधी संधी मिळाली नाही. की तुला ती नकोच होती?

मागच्या जुन्या गोठ्यात तू मासे ठेवायला लागलीस ते अश्विनीच्या हट्टामुळे. लेकीची हौस सहा महिन्यांत संपली आणि तुझी सुरू झाली. आधी सिमेंटच्या दोन टाक्या, त्यात गप्पी आणि मॉली जातीचे छोटे मासे. मग काचेची मोठी टाकी आणि त्यात एंजल मासे. गोखिवऱ्याचा दुकानदार येऊन पिल्लं घेऊन जायचा आणि दर वेळी म्हणायचा, असे एंजल आपल्याला कुठे मिळत नाहीत. मला त्याचाही संशय यायचा, पण तो खरं बोलत होता. एंजल आपली जोडी आपण निवडतात, आपण लावून उपयोग नाही, हे तू मला सांगितलंस तेव्हा माझ्याकडे न बघता सांगितलंस. मी बिनलग्नाची म्हणून, असं मी तेव्हा मनात धरलं. आज वाटतं, तू फक्त माशांबद्दल बोलत होतीस.

टाकीत तू कौलाचा तुकडा उभा ठेवायचीस. त्यावर मादी ओळीने अंडी चिकटवायची आणि नर-मादी दोघं आळीपाळीने पंखांनी वारा घालत बसायचे. दुपारी मी मुद्दाम बघायला जायची, कारण सांगायची टोमॅटोच्या रोपांचं. त्यातला नर पूर्ण काळा होता. मी गेले की तो काचेशी येऊन उभा राहायचा. तू खायला घालायचीस, पण तुझ्यासाठी नाही यायचा, माझ्यासाठी यायचा. हे मी कुणाला बोलले नव्हते. या वयात माशाचा लळा लागला म्हणून कुणाला सांगायचं?

त्या जानेवारीत त्याच्या पंखांवर पांढरे कण दिसले, रवा चिकटावा तसे. दुसऱ्या दिवशी मादीच्या अंगावर, तिसऱ्या दिवशी पिल्लांच्या. मी म्हटलं, औषध घाल. तू म्हणालीस, "अंगावरच्या किड्याला औषध लागत नाय, ताई. तो कातडीच्या आत बसलेला. पोट भरलं की आपला आपन खाली उतरतो, तळाला जाऊन फुगतो, एकाचे शेकड्याने होतात आनि मग नवा मासा शोधत पोहत सुटतात. पोहताना गाठायचा त्याला. तेवढ्यातच मरतो."

"मग थांबायचं?"

"पानी गार असलं तर तो पंधरा-पंधरा दिवस अंगावरून हलत नाय. गरम केलं की घाई होते त्याला. चार दिवसांत उतरतो. तीसवर न्यायचं, मीठ घालायचं आनि कळ काढायची."

किड्याचं आयुष्य वाढवायचं की आटपायचं, हे पाण्याच्या ऊबेवर असतं, एवढं सोपं तू सांगत होतीस. मी गणिताची बाई. मला कळायला हवं होतं. पण माझं लक्ष तुझ्या बोलण्याकडे नव्हतंच. तू टाकीत मीठ घातलेलं, चार दिवस साठवून ठेवलेलं पाणी वापरायचीस, आणि बावखलाचं ताजं पाणी म्हणून टाकीला लावू द्यायची नाहीस. "त्यात काय काय असतं, ताई." हे वाक्य मला बोचलेलं होतं. आमच्या आजोबांनी ज्या बावखलाचं पाणी आजाऱ्याला पाजलं, ज्याच्यावर आमची वाडी चार पिढ्या पोसली, त्याला कामणहून आलेल्या बाईने नावं ठेवायची? होळीच्या माणसाला एक वेळ शिवी दे, त्याच्या बावखलाबद्दल बोलू नये.

तू दोन हीटर लावलेस. पाणी तीसवर गेलं आणि कण कमी व्हायच्या ऐवजी वाढले. मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घ्यायला लागले. मी म्हटलं, "भारती, जीव चाललाय त्यांचा."

"गरम पान्यात हवा कमी ऱ्हाते, ताई. म्हनून दुसरा पंप लावलाय. आधी वाढल्यासारखंच दिसतं. आठ दिवस कळ काढा."

आठ दिवस. काळा आता काचेशी येत नव्हता. कौलामागे तिरका उभा राहायचा. मला खात्री पटली की तू हट्टाला पेटली आहेस आणि त्याला उकडून मारणार आहेस.

तू एक वाजता जेवून जरा आडवी व्हायचीस. मी गोठ्यात जायची. दोन्ही हीटरच्या पिना काढायची, टाकीतल्या दोन बादल्या उपसून केळींना घालायची आणि बावखलाच्या गार पाण्याच्या दोन बादल्या टाकीत ओतायची. मासे लगेच खाली जायचे, शांत व्हायचे. मला वाटायचं, बघ, आमच्या पाण्याने कसा गुण आला. मग तासाभराने पिना पुन्हा लावायची. तू पाच वाजता यायचीस तोवर पाण्याचं तापमान दाखवणाऱ्या भिंतीवरच्या डबीत पुन्हा तीस दिसत असे. अशा सहा दुपारी. तुझं मीठ मी रोज पातळ केलं, आणि अशक्त माशांना रोज गरमातून गारात आणि गारातून गरमात काढलं.

सातव्या दुपारपासून तू झोपायची बंद झालीस. सुपात वालाच्या शेंगा घेऊन टाकीशेजारी येऊन बसलीस. मी दारात आले, तू शेंगा सोलत राहिलीस. मी विचारलं, "आज झोप नाही?" तू म्हणालीस, "शेंगा हायत." दुसऱ्या दिवशीही शेंगा. तिसऱ्या दिवशीही. एवढे वाल या घरात कोण खाणार होतं? मला वाटलं, तू काहीतरी लपवते आहेस. टाकीत काहीतरी घातलं आहेस आणि ते मी बघू नये म्हणून बसली आहेस. माझा तुझ्यावरचा पहारा तेव्हा अगदी कडक झाला होता.

आठवड्याच्या आत सगळे गेले. काळा शेवटी गेला. मी मधूसमोर म्हटलं, "उकडून मारलेस." तू माझ्याकडे बघितलंस. ती नजर मी अपराधी माणसाची नजर म्हणून वाचली, वर्गात जशी हजार वेळा वाचली होती. तू काच धुतलीस, टाकी उपडी घातलीस, आणि पुन्हा एंजल आणले नाहीस.

मे महिन्यात मी सहज सिमेंटच्या टाकीशी उभी होते. वर पत्रा तापलेला. डबीची तार त्या टाकीत सोडलेली होती आणि आकडा होता एकतीस. हीटर नाही, काही नाही. गप्पी मजेत पोहत होते. म्हणजे तीस अंशांना मासे उकडत नाहीत. मग घरात आले आणि कैरी किसायला बसले. त्या दिवशी मला कळलं होतं, भारती. पाच वर्षं मी हे माहीत असून विनोद होऊ दिला. गुन्हा माझा आहे हे मला समजलं होतं. तुला ते माहीत नाही, एवढाच माझा आधार होता.

तोही आधार परवा गेला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अश्विनी गोठ्यात टाक्या बघायला गेली आणि मी तिच्या मागे. तिने डबीवरचं बटण दाबलं. आकडा बदलला. मी विचारलं, हे काय?

"आत्या, यात मेमरी असते. शेवटचं पुसल्यापासून पाणी जास्तीत जास्त किती गरम झालं आणि कमीत कमी किती गार झालं, दोन्ही राहतं. आई रोज संध्याकाळी बघून पुसायची."

"रोज?"

"रोज. कॅलेंडरवर लिहायची की. तू बघितलं नाहीस?"

बघितलं होतं. रोज बघत होते. गोठ्यातल्या खिळ्यावर तू कॅलेंडर लावायचीस आणि त्याच्या चौकोनात दोन आकडे लिहायचीस. एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. माझ्यासारख्या बाईने, जिने मुलांच्या उत्तरपत्रिकेत दोन आकड्यांमधलं अंतर कुठून आलं हे आयुष्यभर विचारलं, तिने हे एकदाही विचारलं नाही.

तू जुनं कॅलेंडर काढत नव्हतीस, त्याच्यावरच नवं लावायचीस. अश्विनी आत गेल्यावर मी एकेक वर्ष उचलत गेले. पाचव्याखाली तो जानेवारी होता. संक्रांतीपर्यंत ३० – २९, ३० – २९, तेवढा एक अंश हीटर चालू-बंद होण्याचा. मग ३० – २५. पुन्हा ३० – २५. मग ३० – २६. असे सहा चौकोन. आणि सातव्यापासून, वालाच्या शेंगांपासून, परत ३० – २९.

तुला पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं.

तिसऱ्या चौकोनात आकड्यांखाली तू बारीक अक्षरात एक शब्द लिहिला आहेस. जसं दुसरीकडे 'गॅस' लिहिलं आहेस, 'खत' लिहिलं आहेस, तसंच. 'पंचा.'

मला ती दुपार आठवली. मी बादल्या जागेवर ठेवून बाहेर येत होते आणि तू अंगणात समोर आलीस. माझी बाही कोपरापर्यंत ओली. मी म्हणणार होते, रोपांना पाणी घातलं. तू विचारलंच नाहीस. म्हणालीस, "हात पुसा, ताई. पानी गार हाय." आणि दुसऱ्या दिवशी टाकीशेजारच्या खिळ्याला धुतलेला कोरडा पंचा होता. हा इथे कशाला आणून लावला, म्हणून मला त्याचाही संशय आला होता. आणि तरी पुढचे तीन दिवस मी त्यालाच हात पुसत होते, पुरावा राहू नये म्हणून.

आता मला तुझ्याशी भांडायचं आहे. का बोलली नाहीस? एक वाक्य. 'ताई, पाणी ओतू नका.' मासे कदाचित वाचले असते. कदाचित नसते, तेवढा खरा आजार होता, हेही मला कधी कळणार नाही. की मुद्दाम बोलली नाहीस? मला आयुष्यभर तुझ्या ऋणात ठेवायचं होतं का? बघ, आताही मी हेच विचारते आहे. तुझा चांगुलपणासुद्धा मी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघते.

काल हे सगळं मधूला सांगितलं. तो अंगणात चाफ्याची फुलं वेचत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला माहीत आहे. तिने तेव्हाच सांगितलं होतं."

"आणि तू गप्प बसलास?"

"ती म्हणाली, ताईंना काय बोलू नका. त्या जेवायच्या नायत."

तेव्हा मला लोणच्याची बरणी आठवली. तुझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षातली. लोणच्याला बुरशी आली आणि तू सगळ्यांसमोर सरळ म्हणालीस, "ताई, तुमचा चमचा ओला व्हता." खरंच ओला होता. मी दोन दिवस जेवले नाही आणि महिनाभर तुझ्याशी बोलले नाही. सतरा-अठरा माणसांच्या त्या घरात नवी सून कोपऱ्यात बसून रडली होती, असं मला आईने नंतर सांगितलं. माझी चूक मला दाखवायची नाही, हे तू त्या महिन्यात शिकलीस. तुझ्या गप्प बसण्याचा मला पुढे जो संशय येत राहिला, ते गप्प बसणं मीच तुला शिकवलं होतं.

मधू खरं बोलतो आहे की मला धीर देतो आहे, हे मी नक्की सांगू शकत नाही. तो लहानपणापासून मला बरं वाटावं म्हणून थापा मारतो. कॅलेंडर मात्र थापा मारत नाही.

मग मी मावशीला फोन केला. म्हटलं, "एंजल मी मारले. भारतीने नाही. मी चोरून गार पाणी घालत होते." मावशी म्हणाली, "अगो, मग तेव्हाच सांगायचं की." मग म्हणाली, तेराव्याच्या वरणात मीठ जास्त झालं होतं. एवढंच. पाच वर्षं जे मी छातीशी धरून बसले होते, त्याला बाहेर एवढीच किंमत होती. ती मावशीसाठी. तुझ्यासाठी किती होती, ते तुझं तुला ठाऊक. पुढच्या लग्नात कुणी तो विनोद काढला तर मी तिथेच उभी राहून सांगणार आहे, आणि तुझ्यासाठी सांगणार आहे. मला माफ कर असं लिहायला गेले तर तू आत निघून जाशील, म्हणून ते इथे हळूच लिहून ठेवते. भारती, माझं चुकलं.

आणखी एक. या थंडीत गप्पींच्या अंगावर पांढरे कण आले आहेत. तू दवाखान्यात होतीस तेव्हा आले असावेत, त्या गडबडीत कुणाचं लक्ष नव्हतं. तुझे दोन्ही हीटर मी लावले, मीठ घातलं, दोन पंप लावले. पाणी तीसवर आहे. आज तिसरा दिवस. कण वाढले आहेत आणि मासे वर येऊन श्वास घेत आहेत. आधी वाढल्यासारखंच दिसतं, हे मी मनाशी घोकते आहे. दुपारी एक वाजला की माझा हात बादलीकडे जातो, म्हणून मी वालाच्या शेंगा घेऊन टाकीशेजारी बसते. आता पहारा माझ्यावर आहे आणि देणारीही मीच आहे.

आज पाच वाजता हात घालून पाणी बघितलं. कोमट होतं. पंचा अजून त्याच खिळ्याला आहे, त्याला हात पुसले. मग बटण दाबलं, दोन्ही आकडे बघितले, पुसले, आणि कॅलेंडरवर तुझ्या रिकाम्या राहिलेल्या चौकोनांच्या पुढे, आजच्या चौकोनात लिहिलं: ३० – २९.

तो एक अंश माझा नाही, भारती. तपासून घे.